आर्वीतला जपानी चीज टार्ट: चारनंतर जा, आणि अंड्याचं मालकालाच विचारा

नणंदेच्या मुलाच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही चौघीजणी मे महिन्यातल्या एका मंगळवारी आर्वीला गेलो होतो. मी, नणंद, तिची जाऊ आणि माझी मुलगी. अकराला साड्यांच्या दुकानात बसलो आणि साडेबारा झाले तरी जावेला नऊवारीचा रंग पसंत पडेना. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं. समोर झेरॉक्सवाल्याच्या बाजूला नवीन काचेचं दुकान दिसलं. आत एसी होता. हे आधीच सांगते, कारण आम्ही शिरलो ते एसीसाठी. चीज टार्ट वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

दुकान छोटंसंच. चार टेबलं, काचेचा काउंटर, मागे भट्टीऐवजी स्टीलचा ओव्हन, आणि भिंतीवर पाटी, ‘होक्काइडो चीज टार्ट, जपानची चव’. काउंटरवरच्या पोराला मी विचारलं, होक्काइडो म्हणजे काय रे? म्हणाला, “कंपनी आहे, काकू.” साधा टार्ट नव्वद रुपये, चॉकलेट शंभर, संत्रा एकशे दहा. चारचा डबा घेतला तर साडेतीनशे. आम्ही दोन साधे घेतले, चौघींत.

माझी ओळख एका वाक्यात देते, म्हणजे पुढचं मोजमाप कुठून येतं ते कळेल. मी गावात दूध संकलन केंद्र सांभाळते. सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघण्यात जन्म चालला आहे. त्यामुळे दुधाची कुठलीही वस्तू तोंडात गेली की मी आपोआप मशीन होते, घरच्यांना त्याचा त्रास होतो.

तर टार्ट आला. सणाच्या पुरीएवढा गोल, दोन पेरं उंच, काठ बिस्किटाचा आणि मधे पिवळं, तुकतुकीत. तुपाचं बोट फिरवल्यासारखी चमक. दिसायला देखणाच. पोराने काउंटरमधून काढला, मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट फिरवला आणि समोर ठेवला. दात लावला तर काठ तुटायच्या ऐवजी वाकला. श्रावणात डब्याचं झाकण उघडं राहिलं की चकल्यांचं जे होतं, तेच. सादळलेला. आतलं एका बाजूला जीभ पोळेल असं आणि दुसऱ्या बाजूला फ्रिजचं गार. नणंद म्हणाली, “नव्वद रुपयाले हे? एवढ्यात तं पाव किलो बालुशाही येते व.” मला त्यावर बोलायला काहीच नव्हतं. मी तेव्हाच्या तेव्हा पाचपैकी दीड दिला असता, तोही एसीचा.

पण मुलगी अमरावतीला शिकते, तिने असले प्रकार खाल्लेले आहेत. तिने पोराला विचारलं, “ओव्हनमधून ताजे कधी निघतात?” तो म्हणाला, चार वाजता. दिवसातून एकदाच. म्हणजे दुपारी आम्ही खाल्ला तो आदल्या दिवशीचा, आणि हे त्याने विचारल्याशिवाय सांगितलं नाही. शिळं विकू नये असं मी म्हणत नाही, चीजची वस्तू फ्रिजमध्ये टिकते. पण ‘कालचा आहे, गार खा, गरम करू नका’ एवढं सांगायला काय जात होतं? गार खाल्ला असता तर बरा लागला असता. हे मला नंतर घरी कळलं, ते सांगतेच.

बस्ता आटपायला सव्वाचार झाले. मुलीने हट्टाने परत नेलं. दार उघडलं तर वास. लोणी आणि भाजलेला मैदा. आईकडे दिवाळीच्या आधी नानकटाईचे डबे बेकरीत भाजायला न्यायचो तेव्हा असा वास यायचा. ओव्हनमधून ट्रे निघाला होता आणि टार्ट जाळीवर ठेवले होते. एक जवळून बघितला. काठ घट्ट, कडक, खालून तपकिरी. मधलं मात्र ट्रे हलला की थरथरत होतं. पूर्ण जमलेलंही नाही आणि पातळही नाही. गायीचा चीक तिसऱ्या दिवशी मंद आचेवर ठेवला की एक क्षण असा येतो, कडेने धरलेला असतो आणि मधे अजून डुलतो. त्या क्षणी कुणी भांडं उतरवलं तर जे होईल ते हे.

दोन मिनिटं थांबा, म्हणाला. थांबलो. मग खाल्ला. काठ कटकन तुटला आणि जिभेवर भुरभुरला. वर्ध्याचा गोरसपाक ज्यांनी खाल्ला आहे त्यांना लगेच कळेल, तशी गायीच्या तुपाची भुरभुर, फक्त गोरसपाक जाडसर आणि रवाळ लागतो, हा जास्त बारीक. आतलं मऊ, कोमट, ओघळतं. गोड आहे पण गोडाच्या आधी मीठ लागतं आणि शेवटी आंबूसपणा. क्रीम चीज म्हणजे मलईचं दूध विरजून, पाणी निथळून केलेलं. आपल्या चक्क्याची जरा पैसेवाली चुलत बहीण. म्हणून तो आंबूसपणा अगदीच परका वाटत नाही. श्रीखंडात साखर निम्मी केली, वेलची-जायफळ काढलं आणि चिमूटभर मीठ घातलं तर त्याच्या जवळपास जाल. नणंद काही बोलली नाही. तिने कागदावर सांडलेला चुरा बोटाने टिपून खाल्ला.

तोच टार्ट, तेच दुकान, चार तासांचा फरक. दुपारी दीड म्हणणारी मी आता साडेचारवर.

चारचा डबा बांधून घेतला, घरी सासूबाई होत्या म्हणून. सासूबाई माळकरी. कौंडण्यपूरला माळ घातली त्याला तीस वर्षं झाली. कांदा-लसूणसुद्धा एकादशीला घरात चिरू देत नाहीत. म्हणून मी काउंटरवर स्पष्ट विचारलं, अंडं आहे का? पोरगा म्हणाला, “नाही काकू, एगलेस आहे सगळं.” पटकन म्हणाला, न थांबता. आता वाटतं, त्या पटकनवरूनच कळायला पाहिजे होतं.

एसटीत मुलीने मोबाइलवर शोधून सगळं वाचून दाखवलं. होक्काइडो कंपनी नाही, जपानचं उत्तरेचं मोठं बेट आहे, थंड मुलुख. जपानात जेवढं दूध होतं त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या या बेटावर. १८७० च्या दशकात तिथल्या सरकारने एडविन डन नावाच्या अमेरिकन माणसाला बोलावून गायी पाळायला, चारा लावायला, लोणी-चीज करायला शिकून घेतलं, तिथपासूनचा हा धंदा. हा टार्ट तिथल्या साप्पोरो शहरातल्या किनोतोया या मिठाईच्या दुकानाच्या घराण्यातला. २०१४ साली टोकियोत शिंजुकू स्टेशनला लागून ‘बेक चीज टार्ट’ नावाने फक्त हाच एक पदार्थ विकणारं दुकान निघालं, ओव्हनमधून काढून गरमागरम. त्याच्याही आधी, २०११ मध्ये, ओसाकात ‘पाब्लो’वाल्यांनी मोठ्या आकाराचा टार्ट काढला होता, त्यात आतलं किती ओलं हवं ते गिऱ्हाइकाने निवडायचं. म्हणजे गरम आणि ओलं, हाच या पदार्थाचा जीव आहे. आणि आमच्या दुकानदाराने तोच फ्रिजमध्ये ठेवला होता.

मला मात्र त्या थंड मुलुखाचा हेवा वाटला. आमच्याकडे मे महिन्यात होल्स्टिनच्या संकरित गायी ओल्या पोत्याखाली धापा टाकतात आणि संध्याकाळचं दूध निम्म्यावर येतं. आमच्या वर्धा जिल्ह्याची खरी गाय गवळाऊ. पांढरी, चपळ, या उन्हाला भीक न घालणारी. पण दूध देणार दिवसाला दोन-तीन लिटर. हिशोब करायचाच म्हटला तर माझ्या केंद्रावर त्या आठवड्यात गायीच्या साडेतीन फॅटच्या दुधाला लिटरला चौतीस रुपये दर होता. नव्वदचा एक टार्ट म्हणजे अडीच लिटरहून जास्त दूध. म्हणजे एका गवळाऊचा एका दिवसाचा पान्हा आमच्या नणंदेने तीन घासांत संपवला. महाग आहे असं मी म्हणत नाही, दुकानभाडं आहे, लोणी आहे, विजेचं बिल आहे. फक्त दूधवाल्या बाईला हा हिशोब सुचल्याशिवाय राहत नाही.

डबा मांडीवर धरून आणला तरी घरी पोचेपर्यंत दोघांचे काठ तडकले होते आणि एकाचं आतलं डब्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. पुठ्ठ्याचा डबा पातळ आहे, आत खाचा नाहीत, टार्ट घसरतात. साडेतीनशेच्या डब्यात निदान कागदाच्या चार वाट्या द्यायला हव्या होत्या. खाली चिकट झालेली माझी साडी हा वेगळा खर्च.

रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी सासूबाईंना चहाबरोबर एक दिला. गार झाल्यावर वस्तू पार बदलते. आतलं घट्ट बसतं, सुरीने वडी पडते, आंबूसपणा वाढतो आणि गोडी कमी होते. काठ थोडा नरमतो पण सादळत नाही. त्यांनी आधी वास घेतला, मग कोपरा मोडला, मग सगळा खाल्ला. म्हणाल्या, “हे तं चिकाची वडी होय माय. बिस्किटात भरली.” मग थोडं थांबून, “उरले काय व?” एक उरला होता. तो मी मुलीच्या सांगण्यावरून फ्रीझरमध्ये टाकला होता, कारण जपानात तो आइस्क्रीमसारखा गोठवूनही खातात म्हणे. दुपारी दोन तास लाइट गेली आणि तो प्रयोग तिथेच संपला. अर्धवट गोठलेला टार्ट कसा लागतो ते विचारू नका.

इथपर्यंतच लिहिलं असतं तर हे कौतुकाचं पान झालं असतं.

पुढच्या आठवड्यात ब्लाउज आणायला परत आर्वीला गेले. मुद्दाम साडेतीनलाच दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी मालक स्वतः होता. तिशीचा, बोलका, पुण्यात एका बेकरीत चार वर्षं काम करून आलेला. मी दुधाच्या धंद्यातली आहे म्हटल्यावर त्याने सगळं दाखवलं. मैदा, लोणी, पिठीसाखर यांचं कवच आधी वेगळं भाजायचं, नाहीतर सारणाच्या ओलीने ते कच्चं राहतं. सारण म्हणजे क्रीम चीज, मलई, साखर, मीठ, लिंबाचे थेंब आणि बांधण्यापुरतं कॉर्नफ्लोअर, मंद आचेवर घोटून. ते थंड कवचात भरून पुन्हा फ्रीझरमध्ये घट्ट करायचं. मग ऐन वेळी ओव्हन दोनशे तीसवर तापवून आठच मिनिटं. सारण थंडगार असतं आणि आच जबर, म्हणून वरून रंग येतो आणि मधे ओलं राहतं. दहा मिनिटं ठेवलं तर संपलं, नुसता चीजकेक होतो. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला बरं वाटलं. आर्वीसारख्या गावात एका पदार्थाच्या आठ मिनिटांची एवढी चाड असलेला माणूस आहे. चीज कुठून आणतोस? तर नागपूरहून, किलो-किलोच्या खोक्यात. चहूकडे दूधच दूध आणि चीज नागपूरहून. एकदा चक्का आणि मलई मिळवून करून बघ, मी देते, असं म्हटलं. तो हसला. “पाणी सुटेल काकू.” बरोबर होतं त्याचं, चक्क्यात मलई कमी आणि पाणी जास्त. पण मी विषय सोडलेला नाही.

मग मी सहज विचारलं, वरची ती चमक कशाची रे?

“बलक फिरवतो ना ब्रशने, भाजायच्या आधी.”

कशाचा बलक, हे विचारायची गरज नव्हती.

त्याला मी पोराचं ‘एगलेस’ सांगितलं. तो कसनुसा झाला. म्हणाला, कवचात आणि सारणात नाही, फक्त वरून लावतो, पोराला वाटलं असेल. वाटलं असेल! आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका नाहीतर तपकिरी त्रिकोण असतो, आणि अंडं असलं की तपकिरीच येतं, हे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. काउंटरवर सुट्या विकल्या जाणाऱ्या वस्तूवर तो ठिपका नसतो, म्हणून तर तोंडाने विचारावं लागतं. आणि तोंडाने विचारल्यावर ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ हे चार शब्द म्हणायला पोराला शिकवलं नसेल, तर पुण्याच्या चार वर्षांचा काय उपयोग? हे मी त्याला जवळजवळ याच शब्दांत म्हटलं. तो वाद घालत बसला नाही, हे त्याच्या बाजूने लिहिते. माफी मागितली, आणि म्हणाला, सासूबाईंसाठी दूध-साखर फिरवून वेगळे करून देतो, पैसे घेणार नाही. मी पैसे दिले. फुकटात पाप फिटतं असं त्याला वाटायला नको.

थांबायचंच होतं म्हणून एक संत्रा टार्ट घेतला. त्याबद्दल एवढंच: आर्वी, कारंजा, आष्टी हा संत्र्याचा पट्टा. मृग बहाराची संत्री एप्रिलपर्यंत संपतात हे मान्य, मे महिन्यात ताजी कुठून आणणार. पण म्हणून सर्दीच्या गोळीच्या वासाचा इसेन्स घालायचा? ज्या गावच्या कुंपणापलीकडे संत्रा पिकतो त्या गावात हा अपमान आहे. घेऊ नका. चॉकलेटचा मुलीने खाल्ला, तिच्या मते ठीक. मी चाखला नाही.

घरी येऊन सांगावं की नाही, हा प्रश्न मला एसटीभर पुरला. नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, “काहून सांगतं? खाल्लं, पचलं.” पण तीस वर्षांची माळ. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर सांगून टाकलं. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. माळ हातात घेतली आणि किती तरी वेळ मणी नुसते चाचपत राहिल्या. मला वाटलं, आता उपास धरणार, कौंडण्यपूरला जाऊन नवी माळ घालते म्हणणार.

“तू त्याले इचारलं होतं ना?”

“हो आई. दोनदा.” एकदाच विचारलं होतं खरं, पण त्या वेळी दोनदाच तोंडून निघालं.

“मंग त्यानं नाई म्हटलं?”

“हो.”

“मंग त्याचं त्याले. मी तं दूध समजून खाल्लं.” माळ परत गळ्यात सारखी केली. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळची न्याहारी केली नाही, आणि का ते कुणाला सांगितलंही नाही.

परवा दूध-साखरवाले चार टार्ट आणले. मालकाने शब्द पाळला. वेगळा ट्रे, वेगळा ब्रश, डब्यावर पेनाने ‘बिनअंड्याचे’ लिहिलेलं, आणि आत या वेळी कागदाच्या वाट्या. काउंटरवरही आता हाताने लिहिलेली पाटी आहे: ‘वरून अंड्याचा बलक लावलेला असतो. बिनअंड्याचे आदल्या दिवशी सांगितल्यास.’ अक्षर वाईट आहे पण उंची बरोबर आहे, माझ्यासारख्या बुटकीला दिसते.

चमक नाही त्यांना. वरून मंद, फिकट, पोळीवर दूध लावल्यासारखा रंग. चव माझ्या मते ऐंशी टक्के तीच. बलकामुळे वर एक पातळ साय धरल्यासारखी येते आणि दात तिथून आत जातो, ते यात नाही. सारण सरळ जिभेवर येतं. जायचंच असेल तर शनिवारी जाऊ नका, गर्दीत पोरगा एकटा असतो. चार ते साडेचारच्या मधे जा, तिथेच उभ्याने खा, आणि मायक्रोवेव्हकडे हात गेला तर नको म्हणा.

सासूबाईंना एक वाटीत दिला. त्यांनी आधी डब्यावरचं पेनाने लिहिलेलं अक्षर लावून लावून वाचलं, मग खाल्ला. पूर्ण खाल्ला. बोटं पदराला पुसली आणि मी फॅटचं रजिस्टर घेऊन उठले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

“मागचा बरा होता व.”